घरात पडून असलेलं नाव

सुपडूभाऊ पळायला लागला तेव्हा भडगावात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, त्याला साखर निघाली आहे आणि डॉक्टरनं सांगितलंय. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस पळतो तो घरातूनच पळत असतो, फक्त संध्याकाळी परत येतो. तिसऱ्या पक्षात मी एकटा होतो. ऑनलाइन कामांचं माझं दुकान आहे, त्याचा फॉर्म मीच भरला होता, त्यामुळे मला खरं काय ते माहीत होतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

सुपडूभाऊ पाटकरी. गिरणेच्या पाटाला पाणी सुटलं की कोणत्या चारीचं गेट उघडायचं, कोणी दगड घालून पाणी फिरवलं, कुठे काठ पोखरला, हे बघत रोज बारा-पंधरा किलोमीटर पाटाच्या काठानं चालायचं. बावीस वर्षं तो हेच करतोय. त्याआधी त्याचे वडील हेच करायचे. अंगानं तुराटी, मिशी मात्र दोन माणसांना पुरून उरेल अशी. बोलतो कमी. पाण्याच्या पाळीवरून भांडणारे शेतकरी त्याच्यासमोर घसा कोरडा होईपर्यंत ओरडतात, आणि तो गेटच्या चाकावर हात ठेवून, कोणी आपली तक्रार दुसऱ्याला सांगतोय असं ऐकत राहतो.

ऑक्टोबरात तो दुकानात आला आणि मोबाईल पुढे केला. सातपुड्यात जानेवारीत शर्यत होती. पंचाहत्तर किलोमीटर, डोंगरातून, जंगलातून, नाल्यांतून. पंधरा तासांच्या आत पोचायचं.

मी म्हटलं, "भाऊ, पंचाहत्तर म्हणजे आठून धुळ्याना बी पुढे. तेवढं एसटीमा बसं तरी कंबर दुखस."

"तू फॉर्म भर."

भरला. रक्तगट, छातीचं माप, घरच्यांचा नंबर. मग एक चौकट आली: बिबवर छापायचं नाव. छातीवर नंबराचा जो कागद टाचतात त्याला बिब म्हणतात. मी 'सुपडू' टाइप केलं.

"थांब," तो म्हणाला. थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसला. "युवराज टाक."

"कोन युवराज?"

"टाक ना."

मला हसू आलं. लोक फोटो गोरा करून घेतात, हा नाव गोरं करून घेत होता. पण त्याच्या तोंडाकडे बघून हसू आवरलं.

"शेवटले माइकवर नाव लेतस, हितू," तो म्हणाला. "मी देखेल शे मोबाईलमा. माणूस येस, चटईवर पाय पडस, आन माइकवाला त्याना नावनी हाक मारस. बठ्ठा लोक टाळ्या वाजाडतस. सुपडू म्हनं तर हसतीन."

"आन युवराज कोठून आनं?"

"घरमा पडेल शे. कोनी वापरत नही."

हे ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ज्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, त्याला जन्मल्याबरोबर सुपात ठेवतात आणि मूठभर दाण्यांवर शेजारणीला विकतात. ती घेते, आणि सांभाळायला म्हणून आईकडेच परत देते. आता ते मूल आपलं राहिलं नाही, त्याच्यावर कोणाचा डोळा जायचं कारण नाही. नाव ठेवायचं सुपडू. चिंधा, धोंडू ही त्याच घरातली नावं. माझ्या वडिलांच्या वर्गात तीन सुपडू होते, आता कोणी ठेवत नाही. पण नाव ऐकलं की आमच्याकडे प्रत्येकाला कळतं, या माणसाच्या आधी कोणीतरी होतं. कोण होतं ते विचारायची पद्धत नाही. मीही विचारलं नाही. 'युवराज' टाइप केलं आणि बटण दाबलं.

नोव्हेंबरपासून तयारी सुरू झाली. पहाटे उठायचं, कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधायचा, खिशात गूळ-शेंगदाणे, आणि पाटाचा काठ धरायचा. आधी दहा किलोमीटर, मग वीस, रविवारी तीस. पायाला जोर यावा म्हणून आठवड्यातून एकदा गिरणेच्या वाळूत. सात वाजता परत येऊन तोच आठ वाजता त्याच काठावरून ड्युटीला. दोन्ही वेळचा काठ एकच, फक्त एकदा पळायचं आणि एकदा चालायचं. स्टँडवरचा बन्सीलाल चहावाला रोज नेमानं विचारायचा, "काय सुपडू, कोन पाठे लागेल शे?" आणि रोज चार गिऱ्हाईकं नेमानं हसायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी शटर उघडायला गेलो तर सुपडूभाऊ पायरीवर बसलेला. बूट ओले, मिशीवर दव. तो पळून थेट इथे आला होता.

"पाटना त्या अंगे कोनी तरी पयस," तो म्हणाला.

"बरं शे ना. तुले देखीसन गाव सुधरी राहिनं."

"धुईमा दिसत नही. पावलं ऐकू येतस."

थंडीत पाण्याच्या अंगानं जी धुई, म्हणजे दाट धुकं, पडते ती आमच्याकडे सूर्य हातभर वर येईपर्यंत हलत नाही. पलीकडचा काठ चाळीस फुटांवर, पण तो असतो हे लक्षात ठेवावं लागतं. मी म्हटलं, भाऊ, तुझाच आवाज घुमत असेल.

"बावीस वरीस व्हयनात माले," तो म्हणाला. "कोरडा पाट बोलस. भरेल पाट कधीच बोलत नही. आते पाट भरेल शे."

मग त्यानं सगळं सांगितलं, पाण्याच्या पाळ्या सांगतो तसं, एकामागोमाग एक. पहिल्यांदा नोव्हेंबरच्या मध्यात ऐकू आलं. तेव्हा पावलं नव्हतीच म्हणे. थोडी टपटप, मग धप्प, मग काही नाही. पुन्हा टपटप, पुन्हा धप्प. त्याला वाटलं कोणाचं नवं वासरू सुटलंय. पुढच्या आठवड्यात वासरू पडायचं थांबलं. मग ते भरभर चालायला लागलं. मग पळायला, पण मागे राहायचं आणि सुपडूभाऊ वळून येईपर्यंत तिथेच थांबलेलं असायचं. आता बरोबरीनं पळत होतं, पाऊल मोठ्या माणसाचं.

"मी थांबनू की ते बी थांबस," तो म्हणाला. "एक पाऊल उशिरा."

मी विज्ञान शाखेचा. बारावीला एकावन्न टक्के का होईना, पण विज्ञान. म्हटलं, रविवारी मी येतो. मी पलीकडच्या काठावर उभा राहतो, तू अलीकडून पळत ये. जो कोणी असेल तो माझ्या अंगावरच येईल.

रविवारी साडेसहाला मी मोरीच्या पुलावरून पलीकडे गेलो आणि एका बाभळीखाली उभा राहिलो. समोर पांढरं, मागे पांढरं. पाणी दिसत नव्हतं, नुसतं वाहत होतं. बाभळीवरून दव टपकत होतं आणि प्रत्येक थेंब मला आधी पाऊल वाटायचा. माझ्या काठावर कोणी नव्हतं. मी मोबाईलचा उजेड लावून दोन्हीकडे पन्नास-पन्नास पावलं जाऊन आलो. ओल्या मातीत माझ्या चपलांशिवाय काही उमटलेलं नव्हतं. बरं वाटलं. स्वतःची चूक निघाली नाही की माणसाला थंडीसुद्धा कमी वाजते.

मग वरच्या अंगानं, सुपडूभाऊच्या काठावरून, पळत आल्याचा आवाज आला. लांबून एकच वाटला. जवळ आला तसा तो दोन झाला. एक बुटांचा, मुरुमावर खर्र खर्र वाजणारा. दुसरा त्याला लागून, मऊ, ओल्या मातीवर तळवा पडावा तसा. अनवाणी.

माझ्या समोर आले तेव्हा मी ओरडलो, "भाऊ!"

बूट थांबले. मग एक पाऊल पडलं, अनवाणी. मग तेही थांबलं.

"हितू," धुईतून सुपडूभाऊचा आवाज आला. "तुन्हाकडे शे का कोनी?"

"नही!"

मग अगदी हळू, पण पाण्यावरून स्पष्ट: "तुले देखीसन तो आठे वना व्हई."

मोरीवर भेटलो तेव्हा त्यानं विचारलं, किती जणांची पावलं ऐकलीस? मी म्हटलं, एकाचीच. विज्ञान शाखा तिथे संपली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मंदा अक्का दुकानात आली. सुपडूभाऊची आई. नवऱ्याच्या मागे तिला पेन्शन मिळते, त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असा दाखला काढावा लागतो. नोव्हेंबरात काढायचा तो यंदा राहून गेला होता. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र सांगतं, माणूस हयात आहे. अक्काचा अंगठा साठ वर्षं भाकरी थापून गुळगुळीत झालेला, यंत्र दरवर्षी तिला दोन-तीनदा नाकारतं आणि ती दरवर्षी यंत्राला म्हणते, "रांडना, मी काय मरी गयी का?"

तिचा अंगठा पुसेपर्यंत मी गप्पा म्हणून म्हटलं, "अक्का, पोऱ्यानं नाव मोबाईलमा वनं. देख." शर्यतीची यादी आली होती. मी वाचून दाखवलं: एकशे अठरा, युवराज, भडगाव.

अंगठा यंत्रावर होता. यंत्रानं नाकारलं. मी म्हटलं, पुन्हा ठेव. तिनं हात उचललाच नाही.

"कोन्ही लिखं हाई नाव?"

"मी. भाऊनी सांगं म्हनीसन."

दुकानात अजून दोन गिऱ्हाईकं होती. ती जाईपर्यंत अक्का स्टुलावर बसून राहिली. मग बोलली. ती जे बोलली त्यात एकदाही ते नाव आलं नाही.

पहिला मुलगा. बापाला एवढा आनंद की मुलाला राजाच्या पोराचं नाव दिलं. तेव्हा पाटकऱ्यांना राहायला पाटाच्या काठावरच खोली होती. मुलगा सव्वा वर्षाचा, नुकता चालायला लागलेला. आठ पावलं टाकायचा आणि पडायचा. अक्का आत भाकरी थापत होती. त्या दिवशी तो पडला नाही, चालतच राहिला.

"मी काठवर उभी राहीसन हाका मारात," अक्का म्हणाली. "त्याना नावनी. दिवसभर. मन्हा आवाज बसना. त्यानामांगे ते नाव मी कधी तोंडमा लिधं नही. घरमा बी कोनी लिधं नही. सत्तेचाळीस वरीस व्हयनात. नाव लिधं नही म्हंजे त्याले समजस, आपलं आठे काम नही. मंग तो जास. तुम्ही त्याले हाक मारी."

मग एक मुलगी झाली, ती आठ दिवसांत गेली. मग सुपडू, तो सुपात विकला आणि जगला.

"आते तो परत ई," अक्का म्हणाली. "सुपडू त्यानं नाव छातीवर लाईसन जंगलमा दिवसभर पयी. शेवटले कोन पोची? माले सांग. मन्हा जोडे एकच पोऱ्या शे."

यंत्र तिला हयात मानायला तयार नव्हतं आणि मी मेलेल्या माणसाचा फॉर्म भरून बसलो होतो. त्याच दिवशी शर्यतवाल्यांना फोन केला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, बिब छापून झाले, नाव बदलता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम वेळेवर झालं होतं.

संध्याकाळी सुपडूभाऊला सांगितलं. तो चारीचं गेट बंद करत होता. त्याला भाऊ होता आणि लहानपणी गेला, एवढंच माहीत होतं; नाव वडिलांच्या जुन्या वहीत वाचलं होतं. वय माहीत नव्हतं, पाट माहीत नव्हता. तो चाक फिरवत राहिला, गेट बसल्यावरही.

"सव्वा वरीसना?" त्यानं विचारलं.

"हां."

"आठ पावलं टाके आन पडे?"

"अक्का तसंच म्हनी."

त्यानं हात पँटला पुसले. पाण्याकडे न बघता म्हणाला, "मंग ते वासरू नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "तो बी तयारी करी राहिना, हितू. महिनाभरमा शिकना तो."

त्याच्या आवाजात भीती नव्हती. एखाद्याच्या पोराचा निकाल चांगला लागल्यावर बोलतात तसा होता.

घरात बरंच झालं. अक्का दोन दिवस जेवली नाही. वहिनीनं, त्याच्या बायकोनं, बूट लपवले, ते त्यानं शोधले नाहीत, चपलेवर पळून आला. शेवटी अक्का मला बोलावून म्हणाली, तू सांग त्याला, तू शिकलेला आहेस. मी त्याच्या ओट्यावर बसून सांगायला सुरुवात केली, शर्यत काय, पुढच्या वर्षी पण येते, आपल्या नावानं भरू.

सुपडूभाऊ म्हणाला, "मी नही गया तरी तो जाई. नाव त्यानं शे." मग आईकडे बघून, "माय, त्याले रस्ता माहित नही."

अक्का उठून आत गेली. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. त्या रात्री जेवली, एवढं वहिनीनं सांगितलं.

शेवटची मोठी तयारी धुळ्याला झाली. त्याची धाकटी बहीण सविता तिथे दिली आहे. तिच्याकडे मुक्काम करून तो लळिंगच्या किल्ल्यावर चढ-उतार करायला गेला. सहा वेळा वर, सहा वेळा खाली, पायथ्याच्या कुरणातून फेरी. मी नव्हतो, त्यानं सांगितलं ते सांगतो. तिथे पाट नव्हता, धुईही नव्हती, स्वच्छ ऊन होतं. उन्हात पावलं ऐकू येणार नाहीत असं त्याला वाटलं होतं. ती आली. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. चढाला लहान पाऊल टाक. उताराला मागे रेलू नको, पडशी. घाम आला म्हणून एकदम पाणी पिऊ नको. हे सगळं तो मोठ्यानं बोलत गेला. चौथ्या चढाला पावलं मागे पडली. वरून एक म्हातारी शेळ्या घेऊन उतरत होती, ती त्याला ओलांडून खाली गेली आणि वळणावरून ओरडली, "ओ भाऊ, तुमना जोडीदार खाले बठेल शे! दमना तो!"

सुपडूभाऊनं मागे पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. म्हातारी आपल्या वाटेनं निघूनही गेली होती. तो निम्मा चढ उतरून खाली गेला आणि एका पायरीवर बसला, शेजारी जागा सोडून.

"किती वेळ?" मी विचारलं.

"त्याना दम जिरे तवलोंग."

जानेवारीत मीच त्याला गाडीनं घेऊन गेलो. आदल्या दिवशी सामान वाटणाऱ्या मुलानं पिशवी दिली. बिब पिवळ्या रंगाचं, त्यावर ठळक 'युवराज'. सुपडूभाऊ ते दोन्ही हातांत धरून बघत राहिला. "काका, उलटं धरलं का?" मुलानं विचारलं. "नाही रे," तो म्हणाला, "बरोबर आहे." परक्या माणसाशी बोलताना तो शुद्ध बोलतो, त्यामुळे तो घाबरला की नाही हे कळत नाही.

पहाटे पाच वाजता पायथ्याच्या गावातून शे-सव्वाशे माणसं निघाली. डॉक्टर, मास्तर, पोलीस, दोन-तीन पुण्याकडचे, सगळ्यांच्या कपाळावर दिवे. अक्काला आम्ही सांगून निघालो होतो, पण ती दाराबाहेर आली नव्हती.

वाटेत जिथे गाडी पोचते तिथे पाणी-खाण्याची ठिकाणं होती. तिसाव्या किलोमीटरला तो ठरल्या वेळेआधी वीस मिनिटं आला. हसला, लिंबू-मीठ चाटलं, गेला. बावन्नाव्याला मी साडेबारापासून उभा होतो. तो दीडला आला. गुडघा खरचटलेला, ओठ पांढरे. दोन केळी घेतली, एक खाल्लं, एक सोलून दगडावर ठेवलं. वहीत नोंद करणाऱ्या पोरीनं लिहिलं: एकशे अठरा, एकटा.

"भाऊ, बरं शे ना?"

"आते तो पुढे शे," तो म्हणाला. "मी हाका मारी राहिनू, तो थांबत नही. माले त्यानी चाल धरता येत नही, हितू."

"मंग थांब आठे. बस व्हयनं."

त्यानं मान हलवली. "शेवटले कोन पोची ते त्याले बी माहित नही, माले बी नही. मी थांबनू तर तो एकलाच पोची." आणि पुढे गेला. सागाच्या वाळलेल्या पानांवरून त्याचे बूट बराच वेळ वाजत राहिले. मी दुसरं काही ऐकायचा प्रयत्न केला नाही. गाडीत बसून काचा वर घेतल्या आणि गाणी लावली. दगडावरच्या केळ्याचं काय झालं तेही बघितलं नाही.

शेवट त्याच पायथ्याच्या गावात होता. शाळेसमोर कमान, कमानीखाली ती चटई, बाजूला यंत्र घेऊन एक पोरगा. बिबच्या मागे एक चकती चिकटवलेली असते. चटईवरून माणूस गेला की यंत्र टुंग वाजतं, आणि माइकवाल्याला समोरच्या पडद्यावर नाव दिसतं. सूर्य डोंगराआड गेला. गावात धूर पसरला. एकेक माणूस येत होतं, टुंग, नाव, टाळ्या. काही रडत होते, एकानं जमिनीचा मुका घेतला. सुपडूभाऊचा पत्ता नव्हता. साडेसहा वाजले. मला त्याच्या घरी फोन करायचा धीर नव्हता आणि तिकडून आला नव्हता.

मग वळणावर दिवा दिसला. चाल ओळखली. एक पाय ओढत, पण पळत होता. मी ओरडलो. लोकही ओरडले, चला काका, संपलं, संपलं! कमान समोर होती, चाळीस-पन्नास पावलं.

तो थांबला.

पुढे पाय टाकेना. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला, मग सरळ झाला आणि रस्त्याच्या कडेला सरकला. पाटाच्या अरुंद काठावर समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली की तो असाच सरकतो, तिला जाऊ देतो. मी त्याला शेकडो वेळा बघितलंय. त्याचं तोंड कमानीकडे होतं. ओठ हलले. काय म्हणाला ते मला कळलं नाही. मला वाटतं त्यानं हाक मारली.

यंत्र टुंग वाजलं.

"एकशे अठरा!" माइकवाला ओरडला. "भडगावचे... युवराज!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. चटईवर कोणी नव्हतं. माइकवाला मान वळवून यंत्रवाल्या पोराकडे बघत होता, पोरगा पडद्याकडे, आणि पदक घेऊन उभी असलेली मुलगी हात पुढे केलेल्या स्थितीतच राहिली होती. मग तिनं अंगावरची शाल घट्ट ओढली.

त्यानंतर सुपडूभाऊ आला. चालत. चटईवर त्याचे दोन्ही पाय पडले. यंत्र वाजलं नाही.

"कधी कधी लांबूनच पकडतं," पोरगा मला म्हणाला. किती लांबून, मी विचारलं. तीन-चार मीटर, तो म्हणाला, आणि पुन्हा पडद्यात डोकं घातलं. नंतर मी पावलं मोजली. बेचाळीस.

बिब गारठ्यात घातलेल्या जर्किनखाली झाकलेलं, त्यामुळे माइकवाल्याला वाटलं हा कोणी दुसराच, चकती पडलेला माणूस. "काका, नाव सांगा, पुकारतो."

"सुपडू. भडगाव."

"भडगावचेच सुपडू!" माइकवर आलं. दोन-तीन जण हसले, हसणारच होते. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कमानीच्या पलीकडे बघत होता, जिथे शर्यत संपून नुसता गावचा रस्ता सुरू होतो आणि केळीच्या बागांतून पुढे तापीकडे जातो. तिकडे दिवा नव्हता. बघताना तो मान किंचित तिरकी करून उभा होता, ऐकणारा माणूस उभा राहतो तसा. बराच वेळ तसा राहिला. मग मान सरळ केली.

मी फोन लावून त्याच्या हातात दिला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. आवाज मोठा ठेवला होता, मलाही ऐकू येत होतं. पलीकडून नुसता श्वास.

"माय," तो म्हणाला.

"कोन बोलस?"

"मी. सुपडू."

श्वास थांबला, मग परत सुरू झाला.

"आन तो?"

"तो मन्हा आधी पोचना, माय. माइकवर त्यानं नाव लिधं. टाळ्या वाजाड्यात लोकेसनी."

मागे कुठेतरी तिकडच्या घरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"आते कोठे शे?"

"थांबना नही. तसाच पुढे गया."

सुपडूभाऊनं फोन कानापासून हलवला नाही. मग ती बोलली, आणि त्या आवाजात ती कोणाला सांगत होती ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"जाऊ दे. हाक मारू नको आते."